मुखव्रण आणि वैद्यमंडळे

मनुष्याचे मुख म्हणजे चार बोटांचा प्रदेश. परंतु आधुनिक वैद्यकाच्या कारभारात या एवढ्याशा मुलुखावर जितक्या खात्यांचा अंमल चालतो, तितका शरीराच्या दुसऱ्या कोणत्याही भागावर क्वचितच चालत असेल. दात आणि हिरड्या दंतवैद्याच्या स्वाधीन. टाळूची मागची कमान, जिभेचे मूळ आणि घसा कान-नाक-घशाच्या तज्ज्ञाकडे. गालाच्या आत किंवा जबड्यावर गाठ उठली की ती शल्यविशारदाची. तिचा काढलेला तुकडा विकृतिशास्त्रज्ञाच्या सूक्ष्मदर्शकाखाली जाणार. आणि शस्त्रक्रियेच्या आधी वा नंतर किरणांचा शेक द्यावयाचा, तर त्याचे दफ्तर आणखी निराळे. यांपैकी प्रत्येक खात्याची आपापली सभा आहे, तिचे अध्यक्ष आहेत, वार्षिक अधिवेशन आहे, नियतकालिक आहे आणि सभासदत्वाची सनद आहे. अशा सभांचे इतिहास बहुधा रौप्यमहोत्सवी स्मरणिकांतून लिहिले जातात आणि त्यांत सत्कार, इमारती व पदाधिकाऱ्यांच्या नावांपलीकडे फारसे काही नसते. पण मुखाच्या कर्करोगाने ग्रासलेल्या मनुष्याच्या बाजूने तो इतिहास वाचू लागले म्हणजे ध्यानात येते की, या सभा परस्परांपासून किती अंतरावर बसल्या होत्या यावर अनेकांच्या आयुष्याची मुदत ठरत आली आहे.

हे विधान अतिशयोक्त वाटू नये म्हणून रोग्याची वाट आधी पाहावी. तळहातावर चुन्याशी मळलेली तंबाखू वर्षानुवर्षे गालात एकाच जागी धरून ठेवणाऱ्याच्या त्या जागी प्रथम एक पांढरा चट्टा येतो. तो दुखत नाही, म्हणून त्याची कोणी वास्तपुस्त करीत नाही. पुढे तेथे व्रण पडतो. दात घासत असेल अशी समजूत होते. हिरडीखालचे हाड पोखरले गेले की दात हलू लागतो, आणि हलणारा दात उपटून घेण्यासाठी रोगी ज्याच्याकडे जातो तो पूर्वी गावचा न्हावी असे, नंतरच्या काळी शहरातील एखाद्या गल्लीत काचेच्या कपाटात कवळ्या मांडून बसलेला चिनी दंतवैद्य असे, आणि आज बहुधा तालुक्याच्या गावचा पदवीधर असतो. दात निघतो, जखम भरत नाही, महिने जातात, आणि मानेत गाठ आल्यावर तो मनुष्य मोठ्या रुग्णालयाच्या दारी पोहोचतो. याचा अर्थ असा की, या रोगाची पहिली भेट ज्याच्याशी होते तो दंतवैद्य. आणि दीर्घ काळ वैद्यकाच्या सभेत ज्याला बसावयास आसन नव्हते तोही दंतवैद्यच.

मुंबई इलाख्यात पाश्चात्य वैद्यकाच्या सभा फार लवकर स्थापन झाल्या. १८३८ पासून मुंबईच्या ‘मेडिकल अँड फिजिकल सोसायटी’चे निबंधसंग्रह छापले जाऊ लागले होते, १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि भाऊ दाजींसारखे त्याचे पहिले पदवीधर १८५१ मध्ये बाहेर पडले. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या ‘बॉम्बे मेडिकल युनियन’ने एतद्देशीय डॉक्टरांचा दर्जा आणि सरकारी सेवेतील गोऱ्या अधिकाऱ्यांची मक्तेदारी यांविषयी केलेली खटपट स्वातंत्र्यपूर्व सार्वजनिक जीवनाचा एक मानाचा भाग आहे. १९१२ चा मुंबई मेडिकल अ‍ॅक्ट हा वैद्यकव्यावसायिकांच्या नोंदणीचा या देशातील पहिला कायदा. त्याने कोण डॉक्टर आणि कोण नव्हे याची यादी सरकारी दप्तरात आणली. या सगळ्या उद्योगाचा रोख स्वाभाविकपणेच व्यवसायाच्या प्रतिष्ठेकडे होता. पराधीन देशात वैद्याला आधी स्वतःसाठी उभे राहावे लागले, यात दोष काढण्यासारखे काही नाही. तथापि त्या काळच्या या खटपटींत मुखरोगाने पीडित झालेला मनुष्य सहसा दिसत नाही, हेही खरे.

तो मनुष्य प्रथम दिसतो तो दक्षिणेत. १९०२ मध्ये मद्रासच्या निब्लॉक या शल्यविशारदाने ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये हिंदुस्थानातील कर्करोगावर लेख लिहिला. १९०८ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या मुखपत्रात दोन लेख आले: एक बेंटॉल यांचा, त्रावणकोरातील १,७०० रोग्यांचा आढावा घेणारा, दुसरा फेल्स यांचा, दक्षिण हिंदुस्थानातील मुखाच्या कर्करोगावरील २०९ शस्त्रक्रियांचा तपशील देणारा. दोन्ही लेखांची सामग्री मिशन रुग्णालयांच्या अनुभवातून आलेली होती. पुढे १९३३ मध्ये ऑर यांनी त्रावणकोरातील तांबूलभक्षक आणि मुखाचा कर्करोग यांचा संबंध ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. एका दूरच्या संस्थानातील धर्मार्थ रुग्णालयात कापलेल्या गालांचा हिशेब लंडनच्या एका व्यावसायिक सभेच्या साप्ताहिकात छापला गेला, आणि त्यामुळेच तो आज आपणांस उपलब्ध आहे. सभांकडून रोग्याला मिळालेला पहिला खरा लाभ तो हाच: एखाद्या ठिकाणी एका डॉक्टराने जे पाहिले ते त्याच्याबरोबर मरून न जाता दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टराच्या हाती पडण्याची सोय झाली.

दंतवैद्यांची कथा कलकत्त्यापासून सुरू करावी लागते. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात दंतविद्या शिकून परतलेल्या डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात दंतवैद्यकाचे महाविद्यालय काढले आणि १९२५ मध्ये या विषयाचे नियतकालिक सुरू केले; पुढे इंडियन डेंटल असोसिएशनचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. मुंबईत १९३३ मध्ये नायर रुग्णालयाचे दंत-महाविद्यालय निघाले. तरीही कायद्याच्या दृष्टीने दंतवैद्य हा कोणी नव्हताच, तो झाला १९४८ च्या डेंटिस्ट्स अ‍ॅक्टने; पुढच्याच वर्षी डेंटल कौन्सिल ऑफ इंडिया अस्तित्वात आली. या कायद्यातील एक तपशील मला फार बोलका वाटतो. नोंदणीपत्रकाचे दोन भाग करण्यात आले: ‘अ’ भागात मान्य पदवीचे धनी आणि ‘ब’ भागात ज्यांच्याजवळ पदवी नाही, परंतु ज्यांचा पूर्वीपासून हाच चरितार्थ आहे असे लोक. परंपरेने दात काढणाऱ्याला एकाएकी देशोधडीस न लावता त्याला एका यादीत आणून बसवावे आणि त्याच्यानंतर ती यादी आपोआप मिटावी, अशी ही समंजस योजना होती. तिने व्यवसायाची व्यवस्था लागली. पण वैद्यकाची परिषद निराळी आणि दंतवैद्यकाची परिषद निराळी, ही भिंतही त्याच वेळी पक्की झाली. गालाच्या व्रणाच्या मधोमध ती भिंत उभी राहील, याचा विचार तेव्हा कोणाच्या मनात आला असेल असे वाटत नाही.

परंतु तत्पूर्वीच परळ येथे असे एक ठिकाण निर्माण झाले होते की जेथे ही खाती एका छपराखाली येणे भाग होते. लेडी मेहरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. पुढच्या वर्षी सर दोराबजीही गेले. आणि त्यांच्या न्यासाच्या द्रव्यातून उभे राहिलेले टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांच्या हस्ते उघडले गेले. तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख म्हणून जे गृहस्थ आले ते डॉ. वसंत रामजी खानोलकर. गोमंतक मराठा समाजात १८९५ मध्ये जन्मलेले, लंडन विद्यापीठातून १९२३ मध्ये विकृतिशास्त्राची एम्‌. डी. पदवी मिळविलेले आणि मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून तो विषय शिकविलेले खानोलकर हे या इतिहासाचे मध्यवर्ती पुरुष होत, आणि मराठी वाचकाला त्यांच्याविषयी जेवढे माहीत असावयास हवे त्याच्या दशांशही नाही, याची मला खंत वाटते.

रुग्णालय उघडून तीन वर्षे होतात न होतात तोच, १९४४ मध्ये, खानोलकरांनी मुंबईतील मुखाच्या कर्करोगाच्या ओळीने आलेल्या एक हजार रोग्यांचा आढावा अमेरिकेतील ‘कॅन्सर रिसर्च’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. ‘ओळीने आलेल्या’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. त्यांनी विलक्षण वा मनोरंजक रोगी निवडून घेतले नाहीत, दारी आलेल्या प्रत्येकाची जात, प्रांत, धंदा, सवय आणि व्रणाची नेमकी जागा यांची नोंद केली. मुंबईसारख्या शहरात, जेथे एकाच चाळीत कोकणी गिरणी-कामगार, गुजराती दुकानदार आणि उत्तरेकडचा भैया शेजारी राहतात, तेथे समाजागणिक व्रणाची जागा बदलते हे त्यांना दिसले. आणि एकाच हवापाण्यात राहणाऱ्या माणसांची व्रणस्थाने जर भिन्न, तर कारण हवापाण्यात नसून वहिवाटीत आहे, असा निष्कर्ष काढण्यास मार्ग मोकळा झाला. १९४५ मध्ये डॉ. सूर्याबाई यांच्यासह त्यांनी लिहिलेल्या दुसऱ्या निबंधात लोकांच्या रूढींशी निगडित अशा कर्करोगाच्या तीन नव्या प्रकारांची नोंद आहे: धोतराच्या घट्ट काच्यामुळे कमरेवर होणारा, जळते टोक तोंडात धरून चुट्टा ओढणाऱ्यांच्या टाळूला होणारा, आणि खालच्या ओठामागे खैनी धरून ठेवणाऱ्यांच्या ओठाला होणारा. रोगाचे मूळ सूक्ष्मदर्शकाखाली शोधणारा मनुष्य धोतराची गाठ आणि तंबाखूची चिमूट यांच्याकडेही तेवढ्याच आदराने पाहतो, ही दृष्टी त्या काळच्या विकृतिशास्त्रात विरळ होती.

खानोलकरांची थोरवी केवळ संशोधनात नव्हती. विकृतिशास्त्रज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेच्या पायाभरणीत त्यांचा पुढाकार होता. १९५० ते १९५४ या काळात ते आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाचे अध्यक्ष होते. १९५२ मध्ये परळला भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उघडले त्याचे पहिले संचालक तेच, आणि पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपदही त्यांच्याकडे आले. पुण्याच्या कमल समर्थ, म्हणजे पुढे डॉ. कमल रणदिवे, यांनी १९४९ मध्ये त्यांच्याच मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळविली. १९५५ मध्ये संघवी व राव यांच्याबरोबर खानोलकरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिहिलेल्या निबंधात तंबाखू चघळण्याचा संबंध मुखाच्या आतल्या भागाशी आणि धूम्रपानाचा संबंध जिभेच्या मुळाशी व घशाशी अधिक आहे, असे आकड्यांनिशी दाखविले गेले. ज्या नियतकालिकात १९०८ मध्ये मिशनरी शल्यविशारदांनी आपल्या शस्त्रक्रियांची गणती दिली होती, तेथेच सत्तेचाळीस वर्षांनी मुंबईच्या तिघा संशोधकांनी त्या गणतीमागचे कारण मांडले.

टाटा रुग्णालयातील शल्यविशारद डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचे नाव परळच्या रस्त्यावर आहे. परंतु सभांच्या इतिहासात त्यांचे दुसरे सहकारी डॉ. दाराब जुस्सावाला यांचे स्थान अधिक मोठे आहे. १९५१ मध्ये नवल टाटा यांच्या साह्याने त्यांनी इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन केली. ही व्यावसायिकांची मंडळी नव्हती, तिच्यात डॉक्टरांबरोबर नागरिकही होते, आणि म्हणूनच तिला एक असे काम करता आले जे निव्वळ डॉक्टरांच्या सभेला सुचले नसते. १९६३ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ कॅन्सर’ निघाले आणि त्याच वर्षी मुंबई शहरासाठी कर्करोग-नोंदणीचे दफ्तर सुरू झाले. लोकवस्तीच्या पायावर उभारलेले देशातील हे पहिले. रुग्णालयाच्या नोंदीत आणि अशा दफ्तरात अंतर आहे. रुग्णालय आपल्या दारी आलेल्यांना मोजते. हे दफ्तर शहरात राहणाऱ्या प्रत्येक रोग्याला मोजू पाहते, मग तो सरकारी रुग्णालयात असो, खाजगी शुश्रूषागृहात असो वा मृत्यूच्या दाखल्यावर प्रथमच त्याच्या रोगाचे नाव उमटलेले असो. त्यासाठी नोंदकारकुनांनी रुग्णालयारुग्णालयांतून हिंडावयाचे, विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळांतून चिठ्ठ्या उतरवून घ्यावयाच्या, नगरपालिकेच्या मृत्युनोंदी चाळावयाच्या आणि एकच मनुष्य तीन ठिकाणी तीन वर्णलेखनांनी नोंदला गेला असेल तर तो ओळखून काढावयाचा, असा हा किचकट उद्योग. यथावकाश पुणे, औरंगाबाद आणि नागपूर येथेही संस्थेने अशी दफ्तरे उघडली. कोणतीही शस्त्रक्रिया न करता या कारकुनांनी जे केले त्याचे मोल मी मोठ्या शल्यविशारदाच्या कामगिरीहून कमी मानीत नाही.

आता दंतवैद्यांकडे परत यावे. कारण ज्याला सभेत आसन नव्हते त्यानेच पुढे या विषयातील सर्वांत विस्तृत काम केले. डॉ. फली मेहता हे मुंबईचे दंतवैद्य. तांबूलभक्षण आणि हिरड्यांचे रोग यांवरील त्यांचा व त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध १९५५ मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या मुखपत्रात आला. १९६१ मध्ये पान खाणारे आणि बिडी ओढणारे यांच्यातील पांढऱ्या चट्ट्यांचे प्रमाण त्यांनी तपासले. नंतर टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे जेथे अणूचा आणि विश्वकिरणांचा अभ्यास चालतो त्या संस्थेत, दंतसंशोधनाचा एक विभाग त्यांच्या नेतृत्वाखाली निघाला, आणि कोपनहेगनच्या दंत-महाविद्यालयातील विख्यात मुखविकृतितज्ज्ञ येन्स पिंडबोर्ग यांचे सहकार्य त्यास लाभले. या मंडळींनी रुग्णालयाची वाट न पाहता खेड्यांची वाट धरली. एर्नाकुलम, श्रीकाकुलम, भावनगर, सिंगभूम आणि दरभंगा या पाच जिल्ह्यांत पन्नास हजारांवर ग्रामस्थांची तोंडे त्यांनी घरोघर जाऊन तपासली. आणि त्यानंतर पुणे जिल्ह्यात १,०१,७६१ ग्रामस्थांची. या शेवटच्या पाहणीचा अहवाल १९७२ मध्ये ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ कॅन्सर’मध्ये प्रसिद्ध झाला.

एक लाख माणसांना तोंड उघडावयास लावणे म्हणजे काय, याची कल्पना ज्यांना खेड्यांचा अनुभव आहे त्यांनाच येईल. सासऱ्यादेखत सुनेने परपुरुषासमोर आ वासावयाचा. सकाळी चुलीच्या धगीवर तंबाखू भाजून केलेली मिश्री दिवसातून किती वेळा लावता, हे तिने सांगावयाचे. आणि तपासणाऱ्याने दिव्याच्या उजेडात गालाची, जिभेखालची, टाळूची कातडी निरखून जे दिसेल ते टिपावयाचे. मिश्री ही महाराष्ट्रातील बायकांची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. दात स्वच्छ राहतात म्हणून ती लावली जाते आणि मग तिच्यावाचून चैन पडत नाही. पुण्यामुंबईच्या सुशिक्षित घरांत तिला व्यसन म्हणून क्वचितच कोणी मोजले असेल; या पाहणीने तिला तंबाखूच्या इतर प्रकारांच्या पंक्तीस आणून बसविले. याहूनही मोठी गोष्ट अशी की, दंतवैद्यांनी कर्करोग होण्यापूर्वीची अवस्था मोजली. शल्यविशारदाच्या दृष्टीने रोगाचा आरंभ गाठीपासून. दंतवैद्याने तो आरंभ कित्येक वर्षे मागे, पांढऱ्या चट्ट्यापर्यंत नेला. १९८६ मध्ये प्रकाश गुप्ता, मेहता, पिंडबोर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३६,००० तंबाखूसेवकांवरील प्रयोगाचे फळ ‘लॅन्सेट’मध्ये मांडले: समजावून सांगितल्याने लोक तंबाखू सोडतात किंवा कमी करतात, आणि तसे करणाऱ्यांत हे चट्टे कमी उद्भवतात. रोगाला प्रतिबंध होऊ शकतो हे या देशातील खेडुतांच्याच तोंडांवरून सिद्ध झाले.

या सर्व काळात दुसऱ्या एका पूर्वावस्थेचेही रूप स्पष्ट होत गेले. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतील काही भारतीय स्त्रियांच्या तोंडातील कातडी पांढरी व ताठर झाल्याचे लिहिले. १९५३ मध्ये डॉ. जोशी यांनी कान-नाक-घशाच्या भारतीय नियतकालिकात टाळू आणि घशाच्या कमानींतील हाच विकार वर्णिला. त्यात तोंड हळूहळू आवळत जाते, तिखट सोसत नाही, आणि शेवटी दोन बोटेही आत जाऊ शकत नाहीत. सुपारी हे त्याचे कारण. आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या ग्रंथात सुपारी, तंबाखूवाचूनही, कर्करोगकारक ठरविली गेली. एक घशाचा तज्ज्ञ, एक परदेशस्थ दंतवैद्य, एक डॅनिश विकृतिविशारद आणि मुंबईची दंतसंशोधक मंडळी यांनी निरनिराळ्या सभांच्या निरनिराळ्या पत्रांतून लिहिलेले तुकडे जुळून हा विकार उभा राहिला.

सभांच्या हद्दींचा तंटा केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयातील हेज मार्टिन यांच्या पुढाकाराने १९५४ मध्ये डोके व मान यांच्या शल्यविशारदांची संस्था निघाली, ती सामान्य शल्यविद्येच्या परंपरेतील. त्यात आपणांस जागा नाही असे वाटून घशाच्या तज्ज्ञांनी १९५८ मध्ये आपली निराळी काढली. आणि जवळजवळ त्याच नावाच्या या दोन संस्था चाळीस वर्षे समांतर चालून १९९८ मध्ये एक झाल्या. आपल्याकडे शल्यविशारदांची संघटना १९३८ पासूनची, मुख व जबड्याच्या शल्यविशारदांची (म्हणजे दंतवैद्यकातून आलेल्यांची) १९६९ पासूनची. छिन्न झालेला चेहरा पुन्हा घडविणाऱ्यांच्या विद्येला नागपुरात १९५८ मध्ये स्वतंत्र विभाग मिळाला आणि त्याचे उद्‌घाटन करावयास सर हॅरॉल्ड गिलीज स्वतः आले होते. या सर्वांची गरज एकाच रोग्याला असते. जबडा कापला तर तो पुन्हा बांधावा लागतो. टाळूचा भाग काढला तर अन्न नाकात येऊ नये म्हणून दंतवैद्याने कृत्रिम तबकडी बसवावी लागते. आणि किरणोपचारापूर्वी किडके दात काढून जखमा भरू द्याव्या लागतात, नाही तर किरणांनी दुबळ्या झालेल्या जबड्याचे हाड पुढे सडू लागते. ही शेवटची गोष्ट दंतवैद्याला न विचारता राहून गेल्यामुळे कर्करोगातून वाचलेल्या माणसांनी पुढे वर्षानुवर्षे जबड्याच्या यातना भोगल्या आहेत. अशा स्थितीत २००१ मध्ये ‘फाउंडेशन फॉर हेड अँड नेक ऑन्कॉलॉजी’ ही संस्था निघाली आणि शल्यविशारद, किरणोपचारक, औषधोपचारक यांना एका अधिवेशनात बसविण्याचा प्रघात पडला, ही मी फार इष्ट घटना समजतो. ती निदान पंचवीस वर्षे आधी घडावयास हवी होती.

एकत्र बसण्याचे फळ कसे असते याचे उदाहरण म्हणजे टाटा रुग्णालयाचे डॉ. अनिल डिक्रुझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग. मानेत गाठ हाताला लागत नसेल, तर मुखातील रोग काढताना मानेतल्या ग्रंथी त्याच वेळी काढाव्यात की गाठ दिसेपर्यंत थांबावे, हा वाद जगभरच्या शल्यसभांत अर्धशतक चालला होता, आणि प्रत्येक बाजूचे लोक आपापल्या अनुभवाच्या जोरावर बोलत होते. परळच्या मंडळींनी चिठ्ठ्या टाकून रोग्यांचे दोन गट केले. पाचशे रोग्यांच्या निष्पत्तीवरून दिसले की, तीन वर्षांनी आधीच मान साफ केलेल्यांपैकी ८० टक्के हयात होते आणि थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के. हा निष्कर्ष अमेरिकन कर्करोगचिकित्सकांच्या संस्थेच्या शिकागो येथील पूर्णाधिवेशनात वाचला गेला. जो प्रश्न श्रीमंत देशांना सोडविता आला नाही, तो आपल्याकडे सुटला. त्याचे एक कारण दुःखद आहे: एवढे रोगी आपल्याकडेच होते.

सभांनी राज्यकर्त्यांच्या दारीही जावे, हा विचार उशिरा रुजला. महाराष्ट्र सरकारने गुटख्यावर २००२ मध्ये बंदी घातली, ती सर्वोच्च न्यायालयात २००४ मध्ये टिकली नाही. अन्नसुरक्षेच्या नव्या कायद्याच्या आधारे २०१२ मध्ये ती पुन्हा आली. या दुसऱ्या खेपेस टाटा रुग्णालयातील शल्यविशारदांनी आपल्या रोग्यांनाच मंत्र्यांपुढे व लोकांपुढे उभे केले. अर्धा जबडा गमावलेल्या तरुणांनी स्वतःच्या तोंडाने, जेवढे बोलता येते तेवढे, आपली हकीकत सांगितली. निबंधांनी आणि ठरावांनी जे झाले नव्हते ते त्या माणसांच्या दर्शनाने झाले. बंदीनंतरही सुपारी आणि सुगंधी तंबाखू निरनिराळ्या पुड्यांतून विकली जाते आणि ग्राहक ती घरी एकत्र करतो, ही गोष्ट सर्वांना माहीत आहे.

शेवटी पुन्हा नोंदणीच्या दफ्तरांकडे वळावे. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे, नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या आश्रयाने, ग्रामीण भागासाठी देशातील पहिले कर्करोग-नोंदणीचे दफ्तर सुरू झाले. मुंबईत कारकुनाने रुग्णालये हिंडली की काम भागे. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांच्या खेड्यांत रोगाचे निदान करणारा डॉक्टरच नव्हता, म्हणून तेथील कार्यकर्त्यांना गावोगाव जाऊन, लक्षणे समजावून सांगून, संशयित रोग्याला रुग्णालयापर्यंत आणावे लागले. म्हणजे मोजणीसाठी निघालेले लोक चिकित्सेचेही वाटाडे झाले. तथापि बार्शीच्या काय किंवा मुंबईच्या काय, अशा दफ्तरांत कर्करोग झालेलाच मनुष्य चढतो. ज्याच्या गालावर आज केवळ पांढरा चट्टा आहे, किंवा सुपारीने ज्याचे तोंड दोन बोटांवर आले आहे, त्याची नोंद करणारे कायमचे दफ्तर कोणत्याही जिल्ह्यात नाही. मेहतांच्या मंडळींनी पुणे जिल्ह्यातील खेड्यांत ती नोंद एकदा करून दाखविली होती. आज महाराष्ट्राच्या बहुतेक जिल्ह्यांत दंतवैद्यांच्या संघटनेच्या शाखा आहेत, तालुक्यागणिक पदवीधर दंतवैद्य आहेत, आणि रोज दात दाखवावयास येणारा मनुष्य त्यांच्यापुढे आपण होऊन तोंड उघडतो. तेव्हा असे दफ्तर प्रथम कोणत्या जिल्ह्याच्या शाखेने उघडावे, एवढाच प्रश्न आता उरला आहे.